सीआरएम टॅलीला जोडताना ऑफिसातल्या लोकांना कसं तयार करायचं

हे लिहितोय ते छोट्या-मध्यम धंद्यांसाठी, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, ट्रेडर, छोटा कारखाना, जिथे हिशेब टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतात, सेल्सची पोरं मोबाईलवर सीआरएम, म्हणजे ग्राहक, भेटी आणि ऑर्डरी नोंदवायचं सॉफ्टवेअर, वापरतात (झोहो असो नाहीतर दुसरं कुठलं) आणि मधला सगळा व्यवहार फोन आणि व्हॉट्सॲपवर चालतो. "मॅडम, या पार्टीचं येणं किती आहे?" हा फोन अकाउंट्सला दिवसभर येत राहतो. मग ठरतं की दोन्ही सॉफ्टवेअर जोडूया, व्हेंडर येतो, कनेक्टर (दोन्हींमध्ये माहिती नेणारा प्रोग्राम) बसवतो, तासाभराचं ट्रेनिंग देतो, सगळे मान हलवतात आणि दोन महिन्यांनी बघावं तर टॅलीत एकाच पार्टीची तीन लेजर (खाती) झालेली असतात आणि पोरं परत फोनच करत असतात. कारण ट्रेनिंग झालं ते बटणांचं. कुठली माहिती कुठे जन्मते आणि ती बदलायचा हक्क कोणाचा हे कोणाला सांगितलंच नाही. ट्रेनिंग द्यायचं ते याचं.

उदाहरण म्हणून एक धंदा डोळ्यासमोर ठेवू: कोल्हापूरचा पंप-मोटारींचा डिस्ट्रिब्युटर, पार्ट्या कोल्हापूर-सांगलीत, काही बेळगाव-निपाणीकडे, काही गोव्यात. अकाउंट्सला दोघीजणी, फिल्डवर सहा पोरं, वर मालक.

आधी कागदावर मालकी लिहा

एक कोरा कागद घ्या, अकाउंट्सच्या ताईंना आणि सेल्सच्या सीनियर पोराला शेजारी-शेजारी बसवा आणि एकेका माहितीपुढे लिहा की ही सीआरएमची की टॅलीची. संपर्क माणूस, मोबाईल, भेटीची नोंद, कोटेशन, ऑर्डर हे सीआरएमचं. लेजरचं नाव, जीएसटी नंबर, क्रेडिट लिमिट, बिल, पावती, येणं हे टॅलीचं. प्रत्येक गोष्टीचा मालक एकच, "दोन्हीकडून बदलता येईल" असं एकही ठेवू नका. व्हेंडर सांगेल की टू-वे सिंक आहे, दोन्ही बाजूंनी आपोआप अपडेट होतं, आणि ते खरंही असतं, पण सहा माणसांच्या टीमला टू-वे दिलं की पोरगा गाडीवरून उतरून घाईत पत्ता बदलतो आणि पुढच्या बिलावर तोच पत्ता छापून येतो. म्हणून सुरुवातीला एका दिशेनंच माहिती जाऊ द्या: ऑर्डर सीआरएमकडून टॅलीत, बिल आणि येणं टॅलीकडून सीआरएमात.

मालाचे दर आणि जीएसटीचे टक्के कुठे ठेवायचे यावर वाद होतो. माझं स्पष्ट मत आहे की टक्के फक्त टॅलीत ठेवा, सीआरएमला ते तिथून मिळू देत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांतला बहुतेक माल ५ आणि १८ मध्ये गेला. तेव्हा ज्यांनी टक्के दोन्हीकडे हातानं भरले होते त्यांना एका रात्रीत दोन्हीकडे बदलावे लागले, आणि एकीकडे जरी राहिलं तर कोटेशन एका दराचं आणि बिल दुसऱ्या दराचं.

पार्टीची ओळख कशावरून पटवायची

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून ट्रेनिंगचा सगळ्यात जास्त वेळही इथेच द्या.

टॅली लेजर ओळखते नावावरून. सीआरएममधून "श्री गणेश ट्रेडर्स" आलं आणि टॅलीत "श्री गणेश ट्रेडर्स, सांगली" असेल तर टॅलीच्या दृष्टीनं ती नवीन पार्टी, आणि कनेक्टरला नवीन लेजर बनवायची परवानगी असेल तर तो बिनदिक्कत बनवतो. मग बिल एका लेजरला, पैसे दुसऱ्या लेजरला, आणि महिनाअखेरीला ताई डोकं धरून बसतात.

जीएसटी नंबरवरून ओळखू म्हणाल तर ते बऱ्याच अंशी चालतं पण पुरतं चालत नाही. नंबर १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं पॅन, तेरावं त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं, आणि शेवटचं अक्षर तपासणीसाठी. एकाच मालकाचं सांगलीत आणि बेळगावात दुकान असेल तर पॅन एक पण जीएसटी नंबर दोन, तिथे लेजरही दोनच पाहिजेत. उलट सांगलीत आणि मिरजेत दुकान असेल तर बहुधा नंबर एकच असतो. आणि शेतकरी थेट पंप घ्यायला आला तर त्याच्याकडे नंबरच नसतो.

म्हणून प्रत्येक पार्टीला आपला स्वतःचा कोड द्या, साधा, न बदलणारा, आणि तो टॅलीत लेजरच्या एलियासमध्ये (दुसऱ्या नावात) टाका आणि सीआरएममध्ये वेगळी फील्ड करून तिथे टाका. एलियास टॅलीत दोन लेजरला सारखा देता येत नाही, त्यामुळे डुप्लिकेट तिथेच अडतं. कनेक्टरला सांगायचं की जुळवणी कोडवरच कर. नवीन लेजर आपोआप बनवण्याची सेटिंग बंद ठेवा, नवीन पार्टी सीआरएममध्ये आली की ती "मंजुरी बाकी" म्हणून थांबू दे, ताई जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून नाव आणि स्टेटस बघतील, टॅलीत सन्ड्री डेटर्स (येणेकऱ्यांचा गट) खाली लेजर उघडतील, कोड देतील, मगच तिची ऑर्डर पुढे जाईल. पोरं म्हणतील वेळ लागतो, थोडा लागतोच, पण नोंदणी रद्द झालेल्या पार्टीला बिल करून बसण्यापेक्षा बरं.

जोडणीच्या आधी जुनी साफसफाई करून घ्या. टॅलीतून लेजरची यादी एक्सेलमध्ये काढा, जीएसटी नंबरवर सॉर्ट करा, एकाच नंबरची दोन-तीन नावं लगेच दिसतात. कंटाळवाणं काम आहे, पण हेच काम सेल्सच्या पोरांना बरोबर घेऊन केलं तर अर्धं ट्रेनिंग तिथेच होतं कारण कुठलं दुकान कोणाचं हे त्यांनाच माहीत असतं आणि आपण घाईत टाकलेल्या नावानं पुढे काय होतं हे ते स्वतः बघतात.

पाठवायचा पत्ता आणि बिलाचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही पोरांना नीट समजवा. बेळगावच्या पार्टीनं सांगितलं की माल थेट कोल्हापूरच्या साईटवर टाका, बिल माझ्या नावावर करा, तर माल महाराष्ट्राबाहेर गेलाच नाही तरी बिल ज्याच्या नावावर आहे त्याचं राज्य धरलं जातं आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर) लागतो. सीआरएममध्ये पोरानं बिलाच्या पत्त्यातच साईटचा पत्ता टाकला तर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्याच्या आतल्या व्यवहारावरचा कर) लागून बिल चुकतं.

जोडणी आतून कशी चालते हे एकदा दाखवा

प्रत्येकाला टेक्निकल ज्ञान नको, पण "बंद पडलं" म्हणजे नक्की काय बंद पडलं हे ओळखण्यापुरतं सगळ्यांना हवं.

टॅली प्राइम स्वतःच एक छोटा सर्व्हर म्हणून चालू शकते. एफ१ दाबून सेटिंग्ज, त्यात कनेक्टिव्हिटी, तिथे क्लायंट-सर्व्हर कॉन्फिगरेशनमध्ये टॅली सर्व्हर म्हणून चालवायची आणि पोर्ट, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामनं आत यायचं दार, द्यायचा, नेहमीचा पोर्ट ९०००. मग त्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे तो पोर्ट (localhost:9000) टाकला की टॅलीचा सर्व्हर चालू आहे असा मेसेज दिसतो. कनेक्टर याच दारातून एक्सएमएल (ठरावीक साच्यातला मजकूर) पाठवतो आणि टॅली उत्तर देते की इतके नवे झाले, इतके बदलले, इतक्या चुका. म्हणजे तो कॉम्प्युटर चालू पाहिजे, टॅली उघडी पाहिजे आणि तीच कंपनी लोड केलेली पाहिजे. ताई संध्याकाळी टॅली बंद करून घरी गेल्या की रात्रीच्या ऑर्डरी रांगेत थांबतात, हे बिघाड नाही, असंच आहे. सेल्सच्या पोरांना हे माहीत नसतं म्हणून ते ऑर्डर परत टाकतात आणि सकाळी डबल होतात.

हा ९००० पोर्ट राऊटरवरून बाहेर इंटरनेटला उघडू नका. कोणी सांगितलं की असं केलं की सोपं पडेल, तरी नाही. ऑफिसच्या आतच एक छोटा कनेक्टर प्रोग्राम ठेवायचा, जो स्वतः बाहेर जाऊन सीआरएमशी बोलतो.

काही चुका वारंवार येतात. पार्टीच्या नावात "आणि" साठी वापरतात ते इंग्रजी चिन्ह (&) असेल तर एक्सएमएलमध्ये ते तसंच जाऊन चालत नाही, चांगला कनेक्टर ते सांभाळतो, साधा कनेक्टर तिथे अडकतो, आणि आपल्याकडे "अँड सन्स" वाली दुकानं किती आहेत बघा. लेजर अस्तित्वात नाही असा एरर आला तर बहुतेक वेळा टॅलीत कोणीतरी नाव बदललेलं असतं. मालाचं युनिट एकीकडे "नग" आणि दुसरीकडे "पीस" असेल तरी अडतं. आणि टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे बाजूची रक्कम वजा चिन्हानं येते, त्यामुळे येणं सीआरएममध्ये उलटं दिसत असेल, म्हणजे पार्टीकडून यायचे पैसे आपणच द्यायचे आहेत असं दिसत असेल, तर व्हेंडरला पहिलं हेच तपासायला सांगा.

तुमचं सगळं झोहोचंच असेल, म्हणजे सीआरएमही आणि हिशेबाचं बुक्सही, तर हे पोर्टबिर्ट काही लागत नाही, सेटिंगमधूनच जोडता येतं. पण मालकीचा कागद आणि पार्टी कोड तिथेही तितकाच लागतो.

सराव कंपनी

खऱ्या डेटावर शिकवू नका. टॅलीचा बॅकअप घ्या, वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करा आणि लगेच त्या कंपनीचं नाव बदलून पुढे "सराव" लावा. नाव बदलायला विसरलात आणि दोन्ही कंपन्या एकाच वेळी उघड्या राहिल्या तर कनेक्टर खऱ्या कंपनीत लिहू शकतो, म्हणून सराव शक्यतो वेगळ्या कॉम्प्युटरवरच करा. त्यावर लायसन नसेल तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये चालते, फक्त त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात, त्यामुळे सरावाच्या ऑर्डरींना १ किंवा २ तारीख द्या, नाहीतर तारखेचा एरर येईल आणि सगळ्यांना वाटेल जोडणीच बिघडली. सीआरएमच्या बाजूला सँडबॉक्स (सरावासाठीची वेगळी जागा) असेल तर तो, नसेल तर ट्रायल अकाउंट.

पहिल्या दिवशी एकच ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्या. पोरगा सीआरएममध्ये कोटेशन करेल, ऑर्डर करेल, ती टॅलीत उतरेल, ताई बिल करतील, बिल नंबर सीआरएममध्ये परत दिसेल, ताई अर्धी रक्कम जमा करतील, येणं कमी झालेलं पोराला मोबाईलवर दिसेल. मग जागा बदला, पोरानं टॅलीत बिल करायचं आणि ताईंनी सीआरएममध्ये ऑर्डर टाकायची. मी यावर अडून राहतो कारण यातूनच एकमेकांची अडचण कळते, पोराला कळतं की एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) नसलेला माल टाकला की ताई कुठे अडतात आणि ताईंना कळतं की उन्हात दुकानासमोर उभं राहून वीस फील्ड भरणं शक्य नसतं, मग त्या स्वतःच म्हणतात की या पाच ठेवा, बाकीचं मी भरते.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम बिघडवा. टॅली बंद करून ऑर्डर पाठवा. चुकीचा जीएसटी नंबर टाका. तीच ऑर्डर दोनदा पाठवा. नावात ते & चिन्ह टाका. पार्टीचं नाव टॅलीत बदलून मग ऑर्डर पाठवा. प्रत्येक वेळी एरर कुठे दिसतो, कोणी बघायचा, कोणी दुरुस्त करायचा हे त्याच माणसाच्या हातून करून घ्या.

बिलाचा नंबर आणि राऊंड ऑफ

बिलाचा नंबर एकाच सॉफ्टवेअरनं द्यायचा, आणि तो टॅलीनंच द्यावा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे नंबर सलग हवा, वर्षात परत न येणारा हवा आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नको, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. सीआरएम स्वतःचा लांबलचक ऑर्डर नंबर बिलाला चिकटवतं तेव्हा ही मर्यादा ओलांडते, त्यामुळे तो नंबर टॅलीत ऑर्डर नंबरच्या जागी किंवा नॅरेशनमध्ये (शेऱ्यात) ठेवा.

उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा आहे. ई-इनव्हॉइस झाला की तो पोर्टलवर २४ तासांतच रद्द करता येतो, नंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढायची. त्यामुळे "ऑर्डर बदलली, बिल बदला ना ताई" हे आता फोनवर होत नाही, हे पोरांना ट्रेनिंगमध्येच सांगा आणि बिल झालेल्या ऑर्डरला सीआरएममध्ये कुलूप लावून टाका. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे आणि ती बंद करता येत नाही, म्हणजे कनेक्टरनं एकच बिल पाच वेळा अल्टर केलं तर ते सगळं ऑडिटरला दिसणार. बिल एकदाच आणि पक्कं करा.

राऊंड ऑफचं एक सांगतो. ९,९९९.७० रुपयांचा माल, १८ टक्के म्हणजे ८९९.९७ सीजीएसटी आणि तेवढाच एसजीएसटी, बेरीज ११,७९९.६४, टॅलीत राऊंड ऑफ लेजरला ३६ पैसे जाऊन बिल ११,८०० चं. सीआरएममध्ये मात्र ऑर्डर ११,७९९.६४ ची. हा फरक चूक नाही, पण तुलना करताना रुपयाच्या आतला फरक सोडून द्या असं आधी ठरवलं नाही तर दोन्ही बाजू पैशापैशासाठी भांडत बसतात.

येणं बरोबर दिसलं तरच पोरं सीआरएम उघडतील

सेल्सच्या पोराला या सगळ्यातून एकच गोष्ट हवी असते, दुकानात शिरायच्या आधी या पार्टीचं किती येणं आहे आणि कुठलं बिल किती दिवसांचं झालंय. ते एकदा चुकीचं दिसलं, त्यानं पैसे दिलेल्या माणसाकडे वसुली मागितली आणि दुकानदारानं त्याला चारचौघांत पावती दाखवली, की तो परत त्या स्क्रीनवर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

याचं कारण जवळजवळ नेहमी टॅलीतल्या पावतीच्या नोंदीत असतं. टॅली विचारते की पैसे कुठल्या बिलापोटी, तिथे ॲगेन्स्ट रेफरन्स निवडून बिल लावायचं असतं, पण घाईत "ऑन अकाउंट" टाकून पुढे जातात. लेजरची एकूण बाकी बरोबर येते म्हणून ताईंना काही खटकत नाही, पण जुनी बिलं उघडीच राहतात आणि सीआरएम तीच उघडी बिलं दाखवतं. त्यामुळे जोडणीआधी ऑन अकाउंट पडलेल्या सगळ्या रकमा बिलांना लावून घ्या आणि पुढे रोजच्या रोज लावायची सवय लावा. पार्टीनं कुठल्या बिलाचे पैसे दिले हे सांगितलंच नाही तर? मग पोरानं सीआरएममध्ये वसुलीची नोंद करताना बिल नंबर विचारून टाकायचा, ही त्याची जबाबदारी. दोघांनी आपापलं केलं तरच ते जुळतं.

पुढच्या तारखेचा चेक आला की तो पोस्ट-डेटेड म्हणूनच टाका, आणि सीआरएममध्ये "चेक हातात" असं वेगळं दिसेल अशी सोय करून घ्या. मोठ्या पार्ट्या ०.१ टक्का टीडीएस कापून पैसे देतात तेव्हा प्रत्येक बिलावर थोडे रुपये बाकी राहतात, त्याची टीडीएसची नोंद त्याच बिलापोटी करा, नाहीतर वर्षभर ती पार्टी थकबाकीदार दिसत राहील.

खरी सुरुवात कधी करायची

सगळ्यांना १ एप्रिल आवडतो पण मार्च-एप्रिलमध्ये अकाउंट्सला श्वास घ्यायला वेळ नसतो. महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरून झाली की लगेच सुरू करा, पुढचे दहा दिवस थोडी मोकळीक असते. दिवाळीच्या आधीचा महिना तर अजिबात नको.

पहिल्यांदा दोन पोरं आणि त्यांच्याच पार्ट्या घ्या. जुनी सगळी बिलं सीआरएममध्ये ओढू नका, फक्त उघडी बिलं आणा. रोज संध्याकाळी दोन आकडे जुळवायचे: आजच्या बिलांची संख्या आणि बेरीज दोन्हीकडे सारखी आहे का, आणि या पार्ट्यांची एकूण येणी दोन्हीकडे सारखी आहेत का. फरक आला तर दुसऱ्या दिवशीवर ढकलायचा नाही, त्याच दिवशी शोधायला पाच मिनिटं लागतात, आठवड्यानं शोधायला पूर्ण दुपार जाते. महिनाभर हे जुळत राहिलं की मग बाकीची पोरं घ्या, आणि त्यांना शिकवायचं काम या पहिल्या दोघांना द्या, बाहेरच्या ट्रेनरपेक्षा ते पटकन समजतं.

मालकांनाही बसवा, तासभर पुरे. त्यांना एवढंच सांगायचं की क्रेडिट लिमिट ओलांडलेल्या पार्टीची ऑर्डर सीआरएम अडवेल, तेव्हा "सोडून द्या त्याला, ओळखीचा आहे" असा फोन ताईंना करू नका, मंजुरीचं बटण तुमच्या मोबाईलवर आहे ते तुम्ही दाबा, म्हणजे कोणी सोडलं हे नोंदीत राहतं.

कनेक्टरसाठी सीआरएममध्ये वेगळा युजर उघडा आणि तो ऑफिसच्या ईमेलवर, कोणा माणसाच्या नावावर नाही. बऱ्याच ठिकाणी जोडणी ज्या हुशार पोराच्या लॉगिननं केलेली असते तो नोकरी सोडतो, त्याचं अकाउंट बंद करतात आणि त्याच दिवशी ऑर्डरी टॅलीत यायच्या थांबतात, आणि का थांबल्या हे कळायला कोणाकडे पासवर्डही नसतो. तो ईमेल, त्याचा पासवर्ड, कनेक्टरचं लायसन कधी संपतं ती तारीख आणि व्हेंडरचा नंबर हे सगळं मालकीच्या त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून मालकांच्या कपाटात ठेवा.